बुधवारची कारली

शेवंता गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला. पोर बिचारी रडत होती, मी धीराचे चार शब्द शोधत होते, आणि मध्येच ती म्हणाली, "मावशी... फ्रीजमध्ये अडीच किलो कारली आहेत. काल रत्ना देऊन गेली. आता कोण खाणार ती? काय करू त्यांचं?" आणि मला हसू फुटलं. पंचेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याचं ऐकून फोनवर खिदळणारी म्हातारी तुम्ही पाहिली नसेल, ती मी. "फेकू मात्र नकोस," एवढंच कसंबसं म्हणाले, आणि मग जे रडू आलं ते... जाऊ दे. त्याला आता सहा आठवडे झाले. ती कारली कसली आणि रत्ना कोण, हे सांगितल्याशिवाय शेवंता कळायची नाही, म्हणून लिहायला बसलेय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीत तेव्हा इमारती जास्त आणि माणसं कमी. खाडीपुलापलीकडे नोकरीला जाते म्हटल्यावर दादरला आईने चटण्यांचे तीन डबे भरून दिले, जणू मी बोटीने परदेशी निघाले होते. शाळा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दारावर 'मतिमंद मुलांची शाळा' अशी पाटी. तेव्हा तसंच म्हणत. मुलं चौदा आणि शिक्षिका दोन. एक शेवंता, महाडकडची, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, नवरा जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात. दुसरी मी, नलिनी. हातात ताजा डिप्लोमा, डोळ्यांवर गॉगल. हा गॉगल मी पहिल्या पगारातून घेतला आणि उरलेला महिना शेवंताकडे जेवले. जेवता जेवता तिला काटकसरीवर दोन उपदेशही केले असतील, मला माझी खात्री आहे.

पगार म्हटलं खरं, पण संस्थेचे सचिव त्याला मानधन म्हणायचे. त्यातला मान एक तारखेला मिळायचा, आणि धन वीस-पंचवीस तारखेच्या पुढे, सचिवांच्या सवडीने. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अनुदानाची फाइल वर गेलीय, बाई." ती इतकी वर गेली होती की परत यायला तिला बहुतेक पंख लागले असते. इकडे वाशीत राहणं स्वस्त असेल हा माझा दुसरा गैरसमज. खोलीचं भाडं कमी, पण खायला लागणारी प्रत्येक वस्तू पुलावरून येता येता महाग व्हायची. दुकानदार "पलीकडून आणावं लागतं" म्हणून वर पैसे लावायचा. साध्या शाळेतल्या मास्तरणीला वेतनश्रेणी, महागाईभत्ता; आणि जी मुलीला बटण लावायला वर्षभर शिकवते, तिला मात्र "तुमचं काम म्हणजे सेवा" हे प्रशस्तिपत्र. सेवेला वाणी उधार देत नाही.

बाजारहाट शिकवायला मी पुठ्ठ्याची भाजी बनवली होती. पोपटी रंगाचं वांगं, गुलाबी गाजर, आणि पुठ्ठ्याचेच पैसे. आठवडाभर जागून. शेवंताने ते वांगं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "नले, छान झालंय. शिजतं का?" मग तिने तिची पद्धत दाखवली. दर बुधवारी गावठाणाच्या कडेला बाजार भरायचा. शेवंता आपल्या घरखर्चाचे खरे पैसे मुलांच्या हातात द्यायची आणि मुलं तिची खरी भाजी घ्यायची. नियम एकच. मुलं आणतील ते खायचं. परत करायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. "परत केलं की पोराला काय कळतं? आपन चुकलो. ते त्याला सगळं जग दिवसभर सांगतंच की गो!"

आता या चौदांत रत्ना. जवळच्याच गावची, आगऱ्यांची मुलगी, बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या. बोलायची नाहीच, बोललीच तर एकेक शब्द, तोही मोजून. तिला कारल्यावरून बोट फिरवायला आवडायचं. झालं, दर बुधवारी शेवंताकडे कारली, आणि मीही भाजीचे पैसे मुलांच्या हाती देऊ लागल्यावर माझ्याकडेही! भरली कारली, तळलेली कारली, कारल्याची चटणी... कारल्याची कोशिंबीर करून पाहणारी मी महाराष्ट्रातली एकटीच बाई असेन. शेवंताचा नवरा एकदा ताटाकडे बघून हळूच म्हणाला, "त्या पोरीला आंबे दाखवा की कधीतरी." शेवंता म्हणाली, "आंबे परवडणार हायत का? गप जेवा."

आणि एका बुधवारी रत्ना बोलली. भाजीवालीने भाव सांगितला, तशी ही मान वर करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कमी कर. बाईचा पगार नाय झाला." रोज सकाळी आम्ही दोघी एकमेकींना तेच तर विचारायचो, पोरीने ऐकून साठवून ठेवलं होतं. भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं, गॉगलकडे पाहिलं. "हिचा? आगो, ही तं शिनेमातली दिसतेय!" आणि हसून चार कारली वर टाकली. पुढच्या बुधवारपासून कोथिंबीरवाली, सुकटवाली, सगळी रांग विचारू लागली, "काय बाई, झाला का पगार?"

मी शरमेने अर्धी झाले. शाळेत येऊन शेवंतावर तोंडसुख घेतलं. "तू तिला गप्प का करत नाहीस? आपली काही इज्जत आहे की नाही?" शेवंता शांतपणे चिमटीने मेथी निवडत होती. म्हणाली, "नले, तिच्या तोंडून एक सलग वाक्य काढताना माझे दात पडायची पाळी आली. आता बोलतेय, तर तिला सांगू, खरं बोलू नको? लाज वाटायची तर सचिवांना वाटू दे." आणि गंमत म्हणजे वाटलीसुद्धा. ते साहेब एकदा पिशवी घेऊन बाजारात आले, तर भाजीवालीनेच त्यांना आमच्या पगारावरून धरलं. त्या महिन्याचा पगार एक तारखेला झाला. पुढच्याही. मग सचिव भाजी दुसरीकडून आणू लागले.

मी मात्र टिकले नाही. मुंबईतल्या एका साध्या शाळेची ऑर्डर आली, वेतनश्रेणीसकट. 'स्वाभिमान', 'भवितव्य' असे शब्द घालून मी भाषण तयार केलं होतं. शेवंताने पहिल्याच वाक्यावर हात वर केला. "जा गो. पोटाला लागतं म्हणून जातेस, त्याला एवढं सजवतेस कशाला?" तो बुधवार होता. रत्ना कारल्यांची पिशवी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतले. "मला नको आता, मी चालले," म्हणाले. नियम एकच होता, आणि तोच मोडला.

दिवाळीच्या सुट्टीत परत भेटायला गेले, तर रत्ना दारातून ओरडली, "पावनी आली!" त्या दिवसापासून मी पाहुणीच. शेवंता राहिली. ती फाइल ऐंशीच्या दशकात केव्हातरी खाली उतरली, तिला नीट पगार लागला, पुढे पेन्शनही. मीसुद्धा निवृत्त होऊन वाशीजवळच सीवूड्सला राहायला आले, येणं-जाणं वाढलं. रत्नाची शाळा केव्हाच संपली होती, पण शेवंताचा बुधवारचा बाजार तिने सोडला नाही, आणि ते वाक्यही. पेन्शन लागल्यावरसुद्धा बाईचा पगार झालेला नसायचाच. मी मात्र पावनी ती पावनी. शेवंता हसून म्हणायची, "कारली खात जा, मग बढती मिळेल."

शेवंताच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, रत्ना आली होती, कोपऱ्यात बसून होती. नंतर सुनेचा पुन्हा फोन. "मावशी, दोन बुधवार रत्ना कारल्यांची पिशवी घेऊन येते, आईंच्या खुर्चीकडे बघते आणि तशीच परत जाते. माझ्या हातात देत नाही."

म्हणून परवाच्या बुधवारी मी वाशीला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे काळा चष्मा. रत्ना जिन्यापाशी उभी होती. केस पांढरे, वेण्या अजून दोन. "पावनी आली," ती म्हणाली, पण आवाज बारीक. मी म्हटलं, "चल, बाजारात जाऊ." त्या भाजीवालीच्या जागी आता तिची सून बसते. रत्नाने कारली निवडली, एकेकावरून बोट फिरवत, आणि भाव ऐकून म्हणाली, "कमी कर. बाईचा पगार नाय झाला." भाजीवालीच्या या सुनेला शेवंता गेल्याचं ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, "आता कुठल्या बाईचा गो, रत्ना?"

रत्नाने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं... आता ही पिशवी टाकून घरी जाणार. मी दुसरीकडेच बघत राहिले. तेवढ्यात माझ्या पोटाला पिशवी टेकली. मी दोन्ही हात पुढे केले.

"हिचा," रत्ना म्हणाली.

भाजीवालीने माझा काळा चष्मा पाहिला, हसली, आणि चार कारली वर टाकली. आज शुक्रवार. भरली करून झाली, तळून झाली. उद्या कोशिंबीर.