इसाक तांडेल कुठे गेला

खुर्शीद होडेकर सौदी अरबस्तानातल्या अल खफजीला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आखातातली लढाई संपून वर्ष झालं होतं आणि रस्त्यावरच्या भिंतींना गोळ्यांनी पडलेले खड्डे अजून तसेच होते. समुद्रातल्या तेलविहिरींची देखभाल करणाऱ्या एका जपानी कंपनीचा तिथे कॅम्प होता. त्या कॅम्पच्या मेसमध्ये त्याला भांडी घासायचं काम मिळालं. चार वर्षांत तो भात शिजवायला लागला, दहा वर्षांत मुख्य स्वयंपाकी झाला. जपानी जेवणात जिथे जिथे दारू घालतात तिथे साखर आणि व्हिनेगर घालून चव कशी जमवायची, हे त्याचं त्याने शोधून काढलं. भाषा मात्र तो मुद्दाम शिकला नाही. तीस-बत्तीस वर्षं जेवणाच्या टेबलाभोवती वावरून ती आपोआप कानात बसली.

निघताना त्याच्या आईने, आबिदाने, एकच गोष्ट सांगितली होती. "जपान्यांकडे चाललायस ना? माझ्या बापाचं काय झालं, विचार त्यांना."

आबिदाचा बाप इसाक तांडेल. रत्नागिरीजवळच्या खाडीतल्या गावाहून तो मुंबईला जाऊन इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. १९४४ साली हिंदी महासागरात जपानी युद्धनौकेने ती बोट बुडवली. तेव्हा आबिदा दीड वर्षाची होती. कंपनीचं पत्र आलं, त्यात बोटीचं नाव, तारीख आणि 'बेपत्ता' हा शब्द होता. पत्रावर गावाने रडून घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा एक खलाशी जिवंत परत आला. त्याने सांगितलं, "इसाक बुडला नाही. आम्हाला सगळ्यांना जपान्यांनी पाण्यातून वर काढलं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पुढे एका बंदरात आम्हा काही जणांना उतरवलं, बाकीचे बोटीवरच राहिले."

या सांगण्याने खुर्शीदच्या नानीचं, म्हणजे इसाकच्या बायकोचं, आयुष्य अडकून पडलं. नवरा जिवंत दिसला होता, म्हणजे ती विधवा नव्हती. ती इद्दतीला बसली नाही, म्हणजे विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस तिने पाळले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही. जपानात त्याने दुसरा संसार मांडला असेल, असं म्हणून ती कधी कधी त्याला शिव्या द्यायची. खुर्शीद पंधरा वर्षांचा असताना ती गेली. तोवर तिच्या हातात बांगड्या होत्या.

आणि खुर्शीदने तेहेतीस वर्षं कोणालाच काही विचारलं नाही. सुरुवातीला भीती होती, नोकरी जाईल. मग सवय झाली. माणसं चांगली होती, त्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भेट पाठवली होती. ताटं वाढता वाढता असा प्रश्न काढायचा तरी कसा? सुट्टीत घरी गेला की आई विचारायची, आणि तो म्हणायचा, "चौकशी चालू आहे."

दरवर्षी पंधरा ऑगस्टला सकाळी सहा वाजता मेसमधला टीव्ही लागायचा. तेव्हा टोकियोत दुपारचे बारा वाजलेले असत. तिथल्या सभागृहात पांढऱ्या-पिवळ्या फुलांसमोर सगळे उभे राहत आणि युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळली जाई. कॅम्पमधले जपानीही उठून उभे राहत. खुर्शीदही स्वयंपाकघराच्या दारात टोपी काढून उभा राही. मेलेल्यांचा मान राखावा, एवढंच त्याच्या मनात असे.

२०२५ साली त्या दिवशी शुक्रवार आला. सुट्टी असल्यामुळे कॅम्पमधले चौदाच्या चौदा जपानी मेसमध्ये होते. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली म्हणून टीव्हीवर कार्यक्रम लांबला. शांतता संपली, सगळे बसले, आणि मोरिवाकी म्हणाले, "एकतीस लाख. दरवर्षी एकतीस लाखच मोजतो आपण. फक्त आपले मेलेले."

मोरिवाकी एकाहत्तर वर्षांचे होते. पंपांच्या कामातले जाणकार म्हणून कंपनीने त्यांना निवृत्तीनंतर परत बोलावलं होतं. खुर्शीद त्यांना नव्वदच्या दशकापासून ओळखत होता.

त्यांच्यासमोर ओगाता नावाचा तरुण इंजिनियर बसला होता. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "मग काय करायचं, मोरिवाकी-सान? मी एकतीस वर्षांचा आहे. माझे वडीलसुद्धा युद्धानंतर जन्मले. माझी पणजी टोकियोतल्या बॉम्बहल्ल्यात जळून मेली, तिची माफी कोणी मागितली? आम्ही आणखी किती पिढ्या माफी मागत राहायचं?"

"माफीचं नंतर बघू. आधी काय झालं ते तरी माहीत आहे का तुला?"

"शाळेत शिकवलं तेवढं."

"मलाही तेवढंच शिकवलं होतं," मोरिवाकी म्हणाले.

कॅम्पचे व्यवस्थापक शिमादा हलकेच म्हणाले, "जेवताना नको."

खुर्शीद चहाची किटली घेऊन उभा होता. नंतर त्याने कादिरला, त्याच्या खोलीतल्या सोबत्याला सांगितलं, की आपण बोलणार आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्याने किटली टेबलावर ठेवली आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला, "माझ्या आईचे वडील तुमच्या नौदलाच्या जहाजावर होते. कैदी म्हणून. १९४४ साली. त्यांचं काय झालं, हे मला विचारायचं आहे."

टीव्हीवर कोणीतरी भाषण करत होतं. शिमादांनी तो बंद केला.

ओगाता दुपारी स्वयंपाकघरात आला. "होडेकर-सान, मी सकाळी जे बोललो ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"मला माहीत आहे," खुर्शीद म्हणाला. "तुम्ही कोणाबद्दलच बोलत नव्हता."

मोरिवाकींनी बोटीचं नाव आणि तारीख लिहून घेतली आणि टोकियोतल्या एका मित्राला कामाला लावलं. युद्धानंतर चाललेल्या खटल्यांचे कागद तिकडे जपून ठेवलेले आहेत, असं ते म्हणाले. खुर्शीद रोज त्यांना ताट वाढायचा, पण विचारायचा नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी, असरची नमाज झाल्यावर, मोरिवाकींनी त्याला समुद्रकाठच्या रस्त्यावर बोलावलं. उन्हाचा कडाका अजून होता. बाकावर बसवत नव्हतं, म्हणून दोघे उभेच राहिले. मोरिवाकींच्या हातात सात-आठ पानं होती.

त्यांनी ती वाचून दाखवली. अडलेला शब्द इंग्रजीत सांगितला. बोट बुडाल्यावर शंभरावर माणसं पाण्यातून काढली. पहिल्या बंदरात काही उतरवली. उरलेल्यांचं काय करायचं, असं जहाजाने वर विचारलं. वरून हुकूम आला. जहाज पुन्हा समुद्रात गेलं. सूर्य मावळल्यावर कैद्यांना एकेक करून मागच्या डेकवर आणलं.

"कसं?" खुर्शीदने विचारलं.

मोरिवाकींनी पानं खाली केली.

"वाचा, मोरिवाकी-सान. मी ऐकायलाच आलोय."

"तलवारीने. मग समुद्रात टाकलं."

हुकूम देणाऱ्याला पुढे फाशी झाली, पाळणाऱ्याला काही वर्षं कैद. शेवटच्या पानावर मेलेल्यांची यादी होती. इंग्रज अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे, गावं. खुर्शीदला इंग्रजी वाचता येत होतं. त्याने यादीवरून बोट खाली खाली नेलं. तळाशी एक ओळ होती, 'आणि हिंदी खलाशी, संख्या निश्चित नाही.'

"नावं?"

"नाहीत," मोरिवाकी म्हणाले. "मित्राने दोनदा शोधलं. जपान्यांनी लिहिली नाहीत, आणि खटला चालवणाऱ्या इंग्रजांनीही लिहिली नाहीत."

मग ते आपणहून म्हणाले, "माझे वडील नौदलात होते. दुसऱ्या जहाजावर. म्हणजे तसं ते सांगायचे. मी कधी तपासलं नाही. एकाहत्तर वर्षांचा झालो, तपासलं नाही."

मग ते कमरेत वाकले आणि तसेच राहिले. फिरायला आलेल्या सौदी माणसांची एक गाडी हळू झाली. खुर्शीदने त्यांना खांद्याला धरून उठवलं. "उठा. लोक बघतायत." माफ केलं असं तो म्हणाला नाही. तसं त्याला वाटलंही नाही. कादिरला तो एवढंच म्हणाला, "मी तेहेतीस वर्षं टोपी काढून उभा राहिलो रे. आणि त्यांच्या त्या एका मिनिटात नाना नव्हताच."

घरी व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्याची बायको अफशाँ हिने मोबाइल आबिदासमोर धरला. आबिदा त्र्याऐंशीची होती. खुर्शीद म्हणाला, "आई, नाना बुडून गेला. तेव्हाच."

"खोटं बोलतोस," आबिदा म्हणाली. "तोंडावर दिसतंय. काय तां सरळ सांग."

त्याने सरळ सांगितलं. आबिदाने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या आईची इद्दत राहूनच गेली." आणि मग, "त्याची जनाज्याची नमाज कोणी पढली नाही ना? आता पढा."

इथे खरी अडचण आली. मयत समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते, पण गावच्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी अफशाँला विचारलं, "कागदात इसाक तांडेल असं नाव आहे का?" ती नाही म्हणाली. "मग तो त्यातच होता, हे कशावरून? बंदरात उतरलेल्यांत असला तर?" ऐंशी वर्षांपूर्वी ज्या शंकेने नानीला अडकवलं, तीच शंका त्यांनी पुन्हा काढली.

खुर्शीद शिमादांकडे गेला. कंपनीच्या कागदावर जपानी सरकारला पत्र लिहा, नावांची चौकशी करा, अशी विनंती केली. शिमादांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सांगितलं की कंपनी युद्धानंतर स्थापन झाली आहे, तिचा या गोष्टीशी संबंध नाही. "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पण हा कामाचा विषय नाही. मेसमध्ये पुन्हा काढू नका."

आबिदाने जमातीचा निरोप ऐकला आणि म्हणाली, "मग मी पढते. बाप माझा आहे." सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी तिने खुर्चीत बसून नमाज पढली. मागे अफशाँ आणि आळीतल्या सहा बायका उभ्या होत्या. त्याच वेळी खफजीच्या कॅम्पमध्ये, कॉट भिंतीला सरकवून, कादिरच्या मागे खुर्शीद आणि कोकणातले तिघे उभे राहिले. पाच मिनिटांत नमाज झाली. खुर्शीद रडला नाही. त्याने कॉट जागेवर लावली आणि रात्रीचा भात धुवायला गेला.

नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला. शिमादांनी कारण विचारलं, तर म्हणाला, आई म्हातारी झाली. ते खरंही होतं. घरी पोचल्यावर दीड महिन्यात आबिदा गेली. नमाज पढल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. वाट बघण्याचं काम होतं तोवर ती खणखणीत होती, असं अफशाँचं म्हणणं.

मोरिवाकींचा मोबाइलवर बोललेला एक निरोप जानेवारीत आला. वडिलांच्या नोकरीची नोंद त्यांनी मागवली होती. वडील ज्या जहाजावर होते ते कैद्यांची ने-आण करायचं. त्यापुढे कागदात काही नव्हतं. खुर्शीदने तो निरोप दोनदा ऐकला आणि उत्तर पाठवलं, "कळलं. तब्येत सांभाळा."

आता तो खाडीकाठच्या गावांतून फिरतो. इसाकच्या बोटीवर या पट्ट्यातले निदान नऊ जण होते, असं परत आलेल्या खलाशाच्या नातवाने त्याला सांगितलं. आडनावं ठाऊक होती, काहींची नावंही. खुर्शीदने एक वही घेतली आहे. पाच घरी लोकांनी माहिती दिली. एका घरी फोटोही निघाला, बोटीवरच्या गणवेशातला, चेहरा पुसट झालेला.

सहाव्या घरी, पलीकडच्या तीरावर, एक साठीची बाई दार उघडून उभी राहिली. खुर्शीदने नाव सांगितलं, साल सांगितलं, बोट सांगितली.

"कोण?" ती म्हणाली. "आमच्यात असा कोणी नव्हता."

"तुमच्या सासऱ्यांचा मोठा भाऊ असेल. आठवून बघा."

"सासऱ्यांना भाऊच नव्हता. एकटे होते ते, असंच ऐकलंय आम्ही." तिने आत वळून कोणालातरी विचारलं. आतून नाही असं उत्तर आलं. "चुकीच्या घरी आलात तुम्ही."

घर चुकीचं नव्हतं. खुर्शीदने उंबऱ्याबाहेर उभं राहून वहीत ते नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि तरीच्या धक्क्याकडे निघाला.