देवाला बोललेली कोंबडी

कोंबडी मला ताटातच आवडते. जिवंत कोंबडी घरात, तीही बाथरूममध्ये ठेवावी लागेल असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या तलासरीकडच्या पाड्यावरच्या. नातीचा ताप उतरत नव्हता तेव्हा त्यांनी ही कोंबडी गावदेवाला नवस म्हणून बोलली होती. नात बरी झाली आणि नेमका कोंबडीचा पाय सुजला. एका सकाळी मावशी ती पिशवीत घालून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, लंगडी देवाला चालत नाय. बोललेली हाय, बदलून दुसरी पन देता येत नाय. पोरीला परत काय झालं तं?"

"मग मी काय करू?"

"तुमी शाळेत सायन्स शिकवता ना?"

वीस वर्षं सातवीला पचनसंस्था शिकवल्याचं हे फळ. पण मावशींचे डोळे भरले होते, आणि नाही म्हणताना माझी जीभ ऐनवेळी नेहमीच दगा देते.

कोसबाडच्या कृषी केंद्रात कुक्कुटपालन शिकवणाऱ्या एका ओळखीच्यांना फोन केला. तळव्याला काटा लागून पू धरला असेल, ते म्हणाले. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, खपली काढा, पू काढा, औषध लावून पट्टी बांधा. रोज. चहा टाका म्हणावं इतक्या सहज सांगितलं.

खपली काळी होती. ती निघाली की आतून घट्ट, पिवळट गोळे यायचे, शिळ्या पनीरसारखे. आगरच्या किनाऱ्यावर मासळी सुकत असते तिथून मी नाकाला पदर न लावता जाते, पण या वासाने पहिल्या दिवशी बेसिन गाठावं लागलं. फरशीवर विष्ठा, बादलीच्या कडेवर विष्ठा, माझ्या गाऊनवर विष्ठा. नवरा रेल्वेत, अचानक त्याच्या ड्यूट्या वाढल्या. घरी असला की बाहेरूनच ओरडायचा, "तुझा पेशंट मगावर बसलाय!"

आणि तिचा तो लाडिकपणा! पट्टी बांधताना माझ्या मनगटावर मान टाकायची. डोळ्यावर खालून वर पापणी चढायची, तेही बघवत नसे. पिसांतले बारीक किडे माझ्या हातावर चालायचे. मी तीनदा साबण लावायचे, तरी जेवताना बोटांना वास येतोय असंच वाटायचं. पनीर तर घरात आणणंच बंद केलं.

तीन आठवड्यांनी सूज उतरली. मावशींनी कोंबडीला ओटीवर सोडलं, पुढे तांदूळ टाकले आणि वाकून तिची चाल पाहिली.

"अजून जरा लंगडते," मी म्हणाले. "राहू दे आठवडाभर."

हे मी का म्हटलं, मला ठाऊक नाही. ती घरातून जावी म्हणून मीच दिवस मोजत होते.

"नाय बाई, बेस चालते," मावशी हसल्या. माझे हात हातात घेतले, कपाळाला लावले आणि कोंबडी काखेत मारून निघाल्या. मी फिनेलने बाथरूम घासलं. दोनदा घासलं.

रविवारी मावशी डबा घेऊन आल्या. देवाचा प्रसाद. त्यांनी स्वतःच झाकण काढलं. लाल रश्शात वर पाय होता, नख्यांसकट, आणि तळव्यावर खपलीचा गोल वण.

"हा तुमचाच वाटा," मावशी म्हणाल्या. "घरात सगळ्यांनी मागितला, मी कोनाला नाय दिला. तुमी सेवा केली."

नातीसाठी जीव टांगणीला लागलेली ही बाई समोर फरशीवर बसली, मी खाते का ते पाहत. प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

मी तो पाय उचलला आणि खाल्ला. बोटंही चाटली. छान शिजला होता, आणि स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.