वीरानसाहेबांचं मीठ

आमच्या बऱ्हाणपुरात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो शायरालाच लागतो, आणि लागलेला शायर त्या दगडावर गझल लिहितो. ऐकणाऱ्यांचा मात्र दुष्काळ. मी ऐकणारा. धंद्याने शिंपी, आयुष्यात एक ओळ जुळवलेली नाही, म्हणून दर गुरुवारच्या बैठकीत चहाचा पहिला कप माझ्याकडे येतो. शायर एकमेकांचं ऐकत नाहीत, आपली पाळी कधी येते ते बघत बसतात. वाहवा मनापासून करायची तर ती मीच.

या बैठकीतले सगळ्यांत दुःखी शायर म्हणजे कमरुद्दीनभाई. त्यांचं मावा जिलबीचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतं. शायरीसाठी त्यांनी टोपणनाव घेतलं होतं 'वीरान', म्हणजे ओसाड. या ओसाड माणसाचा सदरा शिवायला मला तीन मीटर कापड लागायचं. दोन्ही मुली चांगल्या घरी पडलेल्या, अंगाला कधी ताप नाही, पण गुरुवारी संध्याकाळी पाहावं तर काळजाचे तुकडे तुकडे. माझ्या दुकानात जसे तयार सदरे टांगलेले असतात, तशी आमच्या शायरांची दुःखंही तयार मिळतात. पिंजऱ्यातला बुलबुल, वीज पडून जळालेलं घरटं, विझत आलेली मेणबत्ती. कुठलंही उचला आणि अंगात घाला, कुणालाही बसतं.

गझलेत प्रेयसी पाहिजे, ती निर्दयही पाहिजे, आणि तिने जखमेवर मीठ शिंपडायला पाहिजे. कमरुद्दीनभाईंच्या आयुष्यात बाई एकच, त्यांची बायको हाजराभाभी. त्यामुळे हे सगळं तिच्या माथी यायचं. शेजारणी चेष्टा करायच्या तेव्हा ती म्हणायची, "काय करू गं, मी यांना दर गुरुवारी ठार मारते, आणि शुक्रवारी सकाळी उठून हे चार पराठे मागतात."

इतकी वर्षं तिने हे हसण्यावारी नेलं. बिघडलं ते त्या ईदेनंतर.

ईदेच्या आधी भाभीने सबंध घराला चुना दिला होता. माणूस लावला नाही, पदर खोचून स्वतः शिडीवर चढली. कोपरे खरवडून काढले, दारांना रंग दिला, हाताला फोड आले. ईदेनंतरची बैठक त्यांच्याच घरी ठरली. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका पडद्याआड. वीस माणसांचा पुलाव तिने एकटीने रांधला. जेवणं झाली, पानं झाली, आणि कमरुद्दीनभाई ढेकर देऊन गझल म्हणायला बसले.

गझल घरावरच होती. माझ्या घराच्या भिंतींवर गवत उगवलंय. छपराला कोळ्यांची जाळी लोंबताहेत. उंबऱ्यावर धूळ साचलीय, आणि इथे दिवा लावणारं कुणी नाही. मंडळी मांड्या थोपटत होती. ज्या भिंतीला टेकून बसली होती, तिचा ताजा चुना सगळ्यांच्या पाठीला लागत होता, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. उस्ताद नश्तर यांनी डोळे पुसले. हे आमच्या बैठकीचे गुरू, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. शिष्यांच्या ओळी दुरुस्त करायचा अधिकार त्यांचा.

पडद्याआडून शेजारच्या झुलेखाचा आवाज आला, "भाभी, गवत कुठल्या भिंतीवर आहे? आमची बकरी आणून बांधते."

बायका हसल्या. भाभी नाही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर ती बुरखा घालून, पिशवी घेऊन बसथांब्याकडे निघालेली. मागे कमरुद्दीनभाई बनियनवर. ती वळून एवढंच म्हणाली, "ओसाड घरात माणसं राहत नसतात. गवत कमरेएवढं वाढलं की निरोप पाठवा, बकऱ्या घेऊन येईन." आणि ती भावाकडे, खंडव्याला निघून गेली.

कमरुद्दीनभाईंनी गल्लीत सांगितलं की भाचीच्या लग्नाची तयारी आहे, म्हणून गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. झुलेखा पडद्याआड होती म्हटल्यावर गल्लीला काय कळायचं राहिलंय? पण कुणी काही बोललं नाही. माणूस दिवसेंदिवस उतरत चालला होता. तीन मीटरचा सदरा अंगावर लोंबायला लागला. मला दया आली, म्हणून एका दुपारी दुकान बंद करून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खिचडी रांधली होती. एक घास घेतला, तर अगदी अळणी.

मी म्हटलं, भाई, मीठ विसरलात. ते म्हणाले, सापडत नाही. सगळे डबे उघडून झाले. जिरं सापडलं, हळद सापडली, मुलींच्या लहानपणचे बांगड्यांचे तुकडे सापडले, पण मीठ नाही. मी म्हटलं, कोपऱ्यावर वाणी आहे, पुडी घेऊन येतो. त्यावर त्यांनी माझा हात धरला.

"नको रे. विकत आणलं म्हणजे ती येणार नाही असं ठरल्यासारखं होईल."

जन्मभर साखरेच्या पाकात हात घालून बसलेला माणूस, अळणी खिचडी गिळत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला फार वाईट वाटलं. यांना खरोखरचं दुःख झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गुरुवारी ते बैठकीला आले ते गझल न घेताच. त्यांना मदत मागायची होती. चार वजनदार माणसांनी बरोबर यावं, खंडव्याला जाऊन तिची समजूत काढावी, एवढंच. पण आमच्याकडे समोरच्या गादीवर बसून जो तोंड उघडतो तो शेरच म्हणतो, असा रिवाज आहे. ते गादीवर बसले, खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "दोस्तहो, घरात मीठ सापडत नाही."

उस्ताद नश्तर यांनी छातीवर हात मारला.

"वाह! काय बोललात! प्रेयसी अशी गेली, अशी गेली, की जखमेवर शिंपडायला मीठसुद्धा ठेवलं नाही. पुन्हा म्हणा!"

"उस्ताद, अहो, खरंच सापडत नाही."

"खरंच सापडत नाही! बघा, बघा काय साधेपणा!"

कमरुद्दीनभाई म्हणाले, चूल पेटत नाही. मंडळींनी मांडी थोपटली. म्हणाले, रात्री झोप येत नाही. ती जुनी प्रतिमा म्हणून जरा कमी दाद मिळाली. शेवटी ते गादीवरच हुंदके देऊन रडायला लागले, तर आख्खी बैठक उठून उभी राहिली. इतकी वाहवा त्यांना जन्मात मिळाली नव्हती. मी तेवढा बसून होतो. ऐकणाऱ्याचं काम मी आयुष्यभर केलं, पण त्या दिवशी माझ्या तोंडून वाहवा निघेना. शेवटी मीच ओरडलो की शेर नाहीये हा, भाभी गेलीय, आणि स्वयंपाकघरातलं खायचं मीठ सापडत नाहीये.

मंडळी खाली बसली. उस्ताद जरा हिरमुसले, पण माणूस मनाने चांगला. म्हणाले, मी येतो खंडव्याला. मात्र रुसलेल्या बायकोकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, गझल घेऊन जायचं. कमरुद्दीनभाईंनी मीठ, खिचडी, डबे असं काहीतरी लिहिलं. उस्तादांनी ते दुरुस्त केलं. खिचडी हा गझलेतला शब्द नाही म्हणून तिथे बुलबुल आला. डब्यांच्या जागी बाग आली. स्वयंपाकघर काढून घरटं घातलं आणि त्यावर वीज पाडली. काय करणार, उस्तादांच्या लेखणीपुढे शिष्याने बोलायचं नसतं.

आम्ही तिघं खंडव्याला पोचलो. मेहुणे सत्तारभाई रेल्वेत होते, सरळ माणूस, गझलेशी कधी संबंध आलेला नाही. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड खलबत्त्याचा आवाज चालू होता. भाभी मसाला कुटत होती. नवरा आल्याचं कळूनही तिचा हात थांबला नव्हता.

कमरुद्दीनभाईंनी घसा साफ केला आणि गझल सुरू केली. बाग उजाड झाली. बुलबुल मुका झाला. वीज कोसळली, घरटं जळून राख झालं.

सत्तारभाई घाबरून उठले. "वीज पडली? कधी? दुकान तरी वाचलं ना?"

खलबत्ता न थांबवता भाभी आतून म्हणाली, "बसा भाईजान. काही पडलेलं नाही. यांची वीज दर गुरुवारी पडते."

कमरुद्दीनभाईंचा चेहरा पडला. त्यांनी उस्तादांकडे पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि पडद्याकडे सरकून बसले. गळा बिळा काही लावला नाही.

"हाजरा, मीठ कुठे असतं?"

खलबत्ता थांबला.

"सगळं घर शोधलं. उरलेल्या चुन्याची पूड मीठ समजून चाखली, जीभ पोळली. इतकी वर्षं ताटात मीठ येत होतं, ते कुठून येतं ते मला माहीत नाही. त्या घरात मी पाहुणा होतो गं. घर तुझं होतं. ओसाड मी आहे, भिंती नाहीत."

उस्तादांचं तोंड वाहवासाठी उघडलं. मी त्यांचा गुडघा असा दाबला की ते मिटलं.

आतून भाभी म्हणाली, आणि तिचा आवाज ओला होता, "चुलीवरच्या कोनाड्यात. निळी बरणी. आत शिरलं की नाकासमोर दिसते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "चुना कशाला चाखायचा? माणूस मरतो अशाने."

"गुरुवारी मरतोच की," कमरुद्दीनभाई म्हणाले.

पडद्याआड ती हसली. मग तिने भावाला सांगितलं की पिशवी वरच्या फळीवर आहे, काढून द्या.

त्यांचा मीठ सापडत नसल्याचा शेर आता गावभर झालाय. उस्ताद नव्या शिष्यांना शिकवतात की ही जखमेवरच्या मिठाची प्रतिमा आहे. मी चहा पितो आणि गप्प बसतो.

भाभीने मात्र त्या दिवशी घरी आल्याबरोबर, बुरखा काढायच्याही आधी, निळी बरणी कोनाड्यातून उचलली आणि दुसरीकडे ठेवली. कुठे, ते कमरुद्दीनभाईंना अजून माहीत नाही. त्यांनी शोधलीही नाही. रोज जेवताना ते मीठ मागतात, आणि ती उठून आणून देते.