कुसुमबायची शनिवारची खुर्ची

कुसुमबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच खुर्चीत बसले होते. वार शनिवार. आता महिना-दीड महिना होत आला, पण लिहायला बसले की पहिलं हेच आठवतं आणि हात थांबतो... कारण शनिवारी त्या खुर्चीत मी बसायचंच नव्हतं.

आधी खुर्चीचं सांगते. मसुऱ्याच्या अलीकडे आमच्या गावात काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय हो, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि वीसेक बायका. बी उकडायची, फोडायची, आतला गर ड्रायरमध्ये सुकवायचा, मग साल काढून प्रत लावायची. कुसुमबाय तिथली सुपरवायझर. दाराजवळ तिची लाकडी खुर्ची, एक हात निखळलेला आणि सुतळीने बांधलेला. तिथून सगळी शेड दिसते. सोमवार ते शुक्रवार खुर्ची तिची. शनिवारी मात्र ती आली की खुर्चीकडे ढुंकून बघायची नाही. पदर खोचून आमच्या रांगेत साल काढायला बसायची आणि कुणातरी एकीला म्हणायची, "चल गो, आजचो दिवस तुझो." त्या दिवशी कारखाना त्या बाईचा. कुणी कुठे बसायचं, ड्रायरचे ट्रे कधी वर-खाली करायचे, सगळं तिने ठरवायचं. कुसुमबायला पाणी प्यायला उठायचं तरी त्या बाईला विचारायचं. आणि ती खरंच विचारायची! आम्ही हसून लोळायचो. मालकांना हे पसंत नव्हतं, पण तिच्यापुढे कोण बोलणार?

माझी पाळी आली तेव्हा मी पंचविशीची असेन. चौथी शिकलेली, रजिस्टरात आकडे मांडायलाही तिनेच शिकवलेलं. खुर्चीत बसले आणि काय सांगू, अंगातच आलं. "विचारल्याशिवाय जागेवरून कोणी हलायचं नाही," असा पहिलाच हुकूम सोडला. मग एकीशी तिच्या उशिरा येण्यावरून जे भांडत बसले ते ट्रे बदलायची वेळ टळून गेली. वरच्या ट्रेंमधला गर करपला, तांबूस काळा झाला. वास रांगेतल्या दोघींना आला होता, पण मीच जागेवरून हलू नका म्हटलेलं ना! मालक आले, वास घेतला, म्हणाले, "आज जबाबदारी कोणाची होती?" रांगेतून कुसुमबाय उठली. हाताला साल चिकटलेली तशीच. म्हणाली, "माझी. खुर्ची माझीच हा." त्यांनी तिला सगळ्यांदेखत नाही नाही ते ऐकवलं. ती मान खाली घालून उभी राहिली. संध्याकाळी मी रडत तिच्यामागून गेले, तर म्हणते, "रडतंस कित्या? फुडच्या शनवारी परत तूच बस. आणि वास इलो तर सांगूक त्यांका मोकळीक दी." पुढच्या शनिवारी मलाच बसवलं. अशी ती.

ती थकली आणि घरी बसली तेव्हा सुपरवायझर म्हणून तिने माझं नाव पुढे केलं. दोन-तीन वर्षं मी शनिवार पाळला. मग सुनिताची पाळी आली. सुनिता जवळच्या वराड गावची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली, तरणी, हुशार, जरा फटकळ. नेमके त्याच दिवशी मालकांकडे बाहेरगावचे पाहुणे आले होते. सुनिता धावत त्यांच्यासाठी चांगला गर निवडायला गेली आणि ड्रायर राहिला. तोच वास... मी रांगेतच होते. मला वास आला होता. खोटं कशाला सांगू, मनात आलं, बघू तिला कळतं का ते. मालक तरातरा आले. "आज कोण बघत होतं?" आणि माझं बोट वर झालं. सुनिताकडे. तिने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. पाहुण्यांसमोर तिला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. पुढच्या शनिवारी खुर्चीत मीच बसले. म्हटलं, नकोच ही कटकट. त्यानंतरचे सगळे शनिवार मीच.

कुसुमबाय अंथरुणाला खिळली तेव्हा मी मेथीचे लाडू घेऊन गेले. तिने उशीवरून मान वळवली. "गो वैजू, शनवारी खुर्चेर कोण बसता?"

"बसतत गो, पाळयेन," मी म्हटलं.

"आणि ता सुनिताचा कसा काय?"

"बऱ्यापैकी करता."

ती हसली. "माका ठावक होता. तुझ्यासारख्याच हट्टी आसा ता." माझा हात तिच्या हातात होता. तो काढून घ्यावा की ठेवावा, मला कळेना. ती आमची शेवटची भेट.

बाराव्याला तिच्या मागीलदारी भांडी घासताना सुनिता माझ्या बाजूला येऊन बसली. राहवेना म्हणून मी सांगून टाकलं की मी म्हातारीशी खोटं बोलले. सुनिता पातेलं घासत राहिली. म्हणाली, "माका पण विचारलेला तिना."

"मगे?"

"मी पण सांगलंय, बसतव म्हणान. तुका कित्या उघडी पाडू, काकी?"

जिच्याकडे मी बोट दाखवलं, ती मला पाठीशी घालून आली होती. कुसुमबायने हे माझ्यासाठी केलं, आणि ते उचललं सुनिताने. मी नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी खुर्ची पुसली आणि सुनिताला म्हटलं, "आजचो दिवस तुझो." ती म्हणाली, "माका नको गो काकी," आणि आपल्या जागी जाऊन बसली. मी जोर केला नाही, कुठल्या तोंडाने करणार? पण मीही खुर्चीत बसले नाही. पदर खोचून रांगेत गेले. गेले चार शनिवार खुर्ची रिकामी आहे. जाता-येता सगळ्यांचे डोळे तिच्याकडे जातात.

परवाच्या शनिवारी सुनिता मधूनच उठली. कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायरपाशी गेली, ट्रे खाली-वर करून घेतले. परत येताना माझ्या मागे थांबली. माझ्या सुपातले चार गर उचलून उजेडात धरले आणि पुन्हा सुपात टाकले.

"काकी, साल रवली हा. परत काढ."

खुर्चीत ती बसली नाही. कदाचित बसणारही नाही. मी मान खाली घातली आणि ते चार गर पुन्हा सोलायला घेतले.