मावशी घोरायची थांबली तेव्हा

मंडळी, आज दुपारी घरी जे झालं, ते सांगायला लिहितेय.

माझी मावशी बीडजवळच्या गावाहून आमच्याकडे नेरूळला आलीय. जेवून ती आणि आई शेजारीशेजारी आडव्या झाल्या. आईचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून ती मशीनचा मास्क लावून झोपते. मावशी जोरात घोरत होती.

अचानक घोरणं बंद. छातीही हलेना! मी घाबरून तिला गदागदा हलवलं, तेव्हा कुठे मोठा आवाज करत तिने श्वास घेतला.

"मावशी, अगं तुलाही आईचाच आजार दिसतोय. डॉक्टरला कधी सांगितलंस का?"

"सांगितलं की. वय झालं म्हनले. आमच्याकडं समदे म्हातारे असेच झोपतेत."

मग आईच्या मास्ककडे बघत ती हळूच म्हणाली, "तुजे काका बी असेच घोरायचे. ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. एकदा पहाटं घोरणं थांबलं. मला वाटलं, आज बरी झोप लागली. म्या उठिवलं न्हाई."

आईने उठून तिचा हात धरला.

उद्या मावशीला वाशीच्या डॉक्टरांकडे नेतेय. तुमच्या गावाकडे कोण असं घोरतंय? आजच फोन करून विचाराल का?