टाळांशिवाय हालेलुया

घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या लोणावळ्याच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणायचो) पायानं भाता मारायचा एक जुना ऑर्गन होता. तो वाजवणाऱ्या बाई रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरच्या विधवा. वाजवण्याच्या बदल्यात देवळामागची एक खोली त्यांना राहायला मिळाली होती. त्या वर्षी पुण्याच्या मोठ्या पाद्रीसाहेबांचा निरोप आला, की तुमचा ऑर्गन नुसता धूळ खातो असं ऐकतो. ईस्टरला येऊन बघतो, आणि तसंच असेल तर पुण्याला नेतो. ऑर्गन गेला की खोली गेली, आणि खोली गेली की बाईंना इगतपुरीला बहिणीकडे जाणं आलं. त्या बहिणीशी त्यांचं एक दिवसही पटलं नसतं. मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिकवत होते. बाईंनी मला ऑर्गन शिकवला होता आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता. तोंडानं मात्र मी त्यांच्याशी सारखी भांडत असे.

बाईंनी ठरवलं, धूळ झटकायची तर ती पुण्यापर्यंत उडाली पाहिजे. ईस्टरला दोनशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन कँटाटा गायचा. कँटाटा म्हणजे ऑर्गनच्या साथीनं, चार तऱ्हेच्या आवाजांनी, एकाच वेळी चार चालींत गायचं लांबलचक स्तोत्र. शब्द मी मराठीत बसवले. बायका मिळाल्या, पण खालच्या पट्टीत गाणारे पुरुष मिळेनात. म्हणून मी माझ्या वडिलांचं भजनी मंडळ धरून आणलं. आबा मंडळाचे बुवा, म्हणजे भजन सांगणारे; ते आणि त्यांचे सोबती घाटात रुळांची देखभाल करणारे गँगमन. बाप्तिस्मा घेऊन वर्षं लोटली होती, भजनं येशूची झाली होती, पण गाणं टाळांचंच राहिलं होतं.

पहिल्याच तालमीत आबांनी मला बाजूला घेतलं. "चौघं चार बाजूनं एकदम बोलत्यात. ह्ये भजन हाय का बांधावरचं भांडान?"

"आबा, पुढं सगळे एकत्र येतात."

"मग पयल्यापासूनच एकत्र यायाला काय झालं?"

मी चिडले आणि त्यांना परत रांगेत नेऊन उभं केलं.

त्यात बाईंनी टाळांना बंदी केली. या गाण्यात टाळ बसत नाहीत म्हणे. त्यांनी सगळे टाळ गोळा करून आपल्या बाकाखाली ठेवून दिले. मंडळी हिरमुसली. मोकळ्या हातांचं काय करावं ते कुणाला कळेना. एकानं तर बायका गात असताना तंबाखू मळून घेतली. तरी गाणं बसलं. फक्त शेवटचा 'हालेलुया' तालमीत कधी पुरा झाला नाही, कारण तिथवर येईतो गँगमनांची कामाची वेळ व्हायची. बाई म्हणाल्या, शेवट सोपा आहे, मी हात वर करीन. बाईंना मराठी येत नसे, म्हणून मी ते तसंच मराठीत सांगितलं. आबांनी समजल्यासारखी मान डोलावली.

ईस्टरच्या सकाळी पाद्रीसाहेब पुढच्या बाकावर बसले. गाणं इतकं सुरेख चाललं, की मला बापाचा अभिमान वाटला. मग 'हालेलुया' आला आणि बाईंनी उजवा हात वर केला.

आता भजनात बुवानं हात वर केला की त्याचा अर्थ एकच: चढवा! मंडळींनी लय दुप्पट केली. बाई दचकल्या, पण गाणारे गात असताना साथ सोडायची नाही, हा त्यांचा नेम. डाव्या हातानं आणि दोन्ही पायांनी त्या मंडळींमागं धावू लागल्या आणि 'थांबा' म्हणून उजवा हात त्यांनी आणखी उंच केला. मंडळी आणखी चढली. बायका दम लागून एकेक करून खाली बसल्या. आबांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परम समाधान. भजन संपतं ते बुवानं टाळ वाजवून खाली ठेवल्यावर, आणि टाळ तर बाईंच्या बाकाखाली! हे माझ्या डोक्यात शिरलं तोवर बाईंची टोपी कानावर घसरली होती. मी वाकून टाळ ओढले आणि आबांच्या हातात कोंबले. त्यांनी डोळे उघडले, एक ठोका दिला आणि टाळ जमिनीवर ठेवले. सगळे एकदम गप्प. कुणाचा एक 'या'सुद्धा मागं राहिला नाही.

बाहेर आल्यावर पाद्रीसाहेब मान पुसत मराठीत म्हणाले, "गायन जोरदार झालं. पण खरं सांगू? मला ऑर्गन ऐकूच आला नाही. त्याच्यावाचून तुमचं काही अडत नाही."

मला आबांचा असा राग आला, की ते टाळ त्यांच्याच डोक्यात घालावेत. तेवढ्यात आबाच पुढं झाले. हेच आबा ऑर्गनला लोहाराचा भाता म्हणायचे.

"साहेब, माजं डोळं मिटलं हुतं, कान उघडं हुतं. भाता धापा टाकत हुता, पर बाईंनी आमाला मधीच सोडलं न्हाई. अशी साथ कुनी देतं व्हय? तुमी पेटी नेली तर आमी कुनाच्या जिवावर गायाचं?"

बाईंना हे बोलणं कळलं नाही. ते काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. बाईंना वाटलं, गेला ऑर्गन. त्यांनी टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "इगतपुरीची हवा काही वाईट नाही."

तेव्हा पाद्रीसाहेबांनी हसत त्यांना इंग्रजीत सांगितलं, की ऑर्गन इथंच राहील.

बाई आत गेल्या, जमिनीवरचे टाळ उचलून रुमालानं पुसले आणि आबांच्या हातात दिले. "ये तुम रखो," त्या म्हणाल्या, "अगले साल टाइम पे बजाके नीचे रखना. मेरे पाँव फिर इतना नहीं भागेंगे."