दाराशी बसलेली

सत्त्याऐंशीच्या सुमारास पारोळ्याजवळच्या एका खेड्यात मी बालवाडी चालवायची. माहेर धुळ्याचं, त्यात मॅट्रिक झालेली, त्यामुळे गावात माझा तोरा काय विचारता! ग्रामपंचायतीच्या खोलीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर मी खडूने हे एवढं मोठं अक्षर काढायची. पोरं भोवती गोल करून बसायची आणि त्या रेघेवर चिंचोके मांडायची. अक्षर असं बोटांत बसलं की मग पाटीवर.

त्यांत एक मुलगी होती. आई शेतात मजुरीला जायची, म्हणून तान्हा भाऊ कायम हिच्या मांडीवर. तो रडला की चटकन बाहेर जाता यावं म्हणून मीच तिला दाराशी, माझ्या बरोबर समोर बसवलं होतं. बाकीची पोरं सरकत सरकत माझ्या बाजूला यायची, ही मात्र रोज तिथेच. चिंचोके मांडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं की भावाला सांभाळायला घरी ठेवायचं, हे तिची आई मला विचारून ठरवणार होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या. मुलीची आईही कौतुकाने दारात येऊन उभी राहिली. मी ऐटीत सगळ्यांत आधी तिच्याच लेकीला पुढे केलं. 'ग' लिही, म्हटलं. पर्यवेक्षिका तिच्या पाठीशी उभ्या राहून बघत होत्या. पोरीने झरझर लिहिला. शिरोरेघ खाली, दांड्या वर! 'म' तसाच, 'क' तसाच. पर्यवेक्षिका हसल्या. "हे काय शिकवता हो तुम्ही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत तोंडघशी पाडलं की कार्टीने! मी पाटी ओढून घेतली, तळहाताने खसाखसा पुसली आणि आईकडे वळून म्हणाले, "हिला शाळेत घालू नका. हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही." आई दोन्ही लेकरांना घेऊन निघून गेली.

सगळे गेल्यावर मी चिंचोके गोळा करायला वाकले, ती नेमकी दाराच्या बाजूने. समोर सकाळी मीच काढलेला 'ग' होता. शिरोरेघ खाली, दांड्या वर. अगं बाई! वर्षभर पोरीने जे पाहिलं तेच तर लिहिलं होतं. आणि मी तिच्या समोर बसणारी, मला तिची पाटी नेहमी सुलटीच दिसायची. इतकी लाज वाटली की तिथून उठवेना.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई भाकरी थापत होती. मी पाटी दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "माले दोन्ही सारखाच दिसतस, बाई. तुमी सांगा, धाडू का नको?"

सकाळी 'नको' म्हणणारी मीच. कसंबसं म्हणाले, "धाडा. पोर हुशार शे."

मग मुलीला विचारलं, "अगं, अक्षर तुझ्या बाजूने उलटं दिसतं, हे मला कधी बोलली का नाहीस?"

ती भावाला थोपटत होती. "तुमी तठे बठतस ना, बाई. तुमले दिसाले पायजे ना."



जूनमध्ये ती शाळेत गेली आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची. दिवाळीच्या आधी पहिलीचे गुरुजी बाजारात भेटले. मी आपणहून तिची चौकशी केली.

"अक्षर मोत्यासारखं आहे हो," ते म्हणाले. "पण मी बघायला गेलो की हात फिरवून पाटी पुसून टाकते. कोणाला म्हणून दाखवत नाही. कुठून लागली ही सवय, कोण जाणे."

"कोण जाणे," मीही म्हणाले.